नऊ महिन्यांचा लॅब्रेडॉर, पाच माणसं आणि एक फ्लॅट

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. टू बीएचके फ्लॅट आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, आणि सासूबाई आमच्यासोबत असतात. आमचा लॅब्रेडॉर बिट्टू नऊ महिन्यांचा आहे. त्याने सोफ्याचा कोपरा कुरतडून संपवला. दार उघडलं की सासूबाईंच्या अंगावर झेपावतो. परवा त्या पडता पडता वाचल्या. गेल्या महिन्यात पूजेचा शिरा ताटलीसकट पळवला. आणि आता, तो जेवत असताना मुलगा जवळ गेला तर गुरगुरला. त्यातच सोसायटीने कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं नाही अशी नोटीस लावलीय. नातेवाईक म्हणतात, देऊन टाका. मुलं रडतात. काय करावं?

उत्तर:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. बिट्टूला देऊन टाकू नका. तुम्ही लिहिलेल्यातलं बरंचसं या वयाच्या, या जातीच्या कुत्र्याकडून होणारच होतं, आणि ते सुधारतं. मुलावर गुरगुरणं तेवढं गंभीर आहे. त्यावर आजपासूनच काम करायचं, आणि ते कसं हे खाली सविस्तर सांगते.

मी ठाण्यात अनेक वर्षं कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे. दवाखान्यात येणारी भांडणं आणि अपघात पाहून माझं एक मत पक्कं झालंय: घरातल्या कुत्र्याचं बिघडतं ते बहुतेक वेळा घरातल्या प्रत्येकाचा नियम वेगळा असल्यामुळे. आई म्हणते सोफ्यावर चढायचं नाही, आणि बाबा रात्री टीव्ही बघताना स्वतःच त्याला वर बोलावतात. मुलगी ‘डाऊन’ म्हणते, आजी ‘खाली बस रे’ म्हणतात, धाकटा किंचाळत पळत सुटतो. सकाळी कोणीच फिरवून आणलेलं नसतं, कारण दोघांनाही वाटलेलं असतं की दुसऱ्याने नेलं असेल. जंताची गोळी मात्र दोघांनीही दिलेली असते. प्रेम सगळ्यांचं खरं असतं. पण या गोंधळातून कुत्रा एवढंच शिकतो की प्रयत्न करत राहायचा, कधी ना कधी जमतं. आणि कधीतरीच मिळणारं बक्षीस जेवढी सवय पक्की करतं तेवढी रोज मिळणारंही करत नाही.

म्हणून या रविवारी पाचही जण एकत्र बसा. सासूबाई आणि धाकटाही हवेत. कागदावर लिहून फ्रीजला लावा: बसायला सांगायचं तर कोणता शब्द, सोफा चालेल की नाही, जेवण किती वाजता आणि कोणी द्यायचं, सकाळी कोण नेणार, रात्री कोण नेणार, औषध कोणाच्या हातून. शब्द मराठी असो की इंग्रजी, बिट्टूला फरक पडत नाही. पाच तोंडांतून एकच यायला हवा. सोफ्यावर बसू द्यायचं ठरलं तरी माझी हरकत नाही, पण मग रोज द्यायचं. पाहुणे आले म्हणून त्या दिवशी ओरडायचं नाही.

आता बिट्टू कोण आहे ते थोडं समजून घ्या. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे असायचे. जाळ्यातून निसटलेले मासे, पाण्यात पडलेले दोर तोंडात धरून आणायचं काम करायचे. पुढे ब्रिटनमध्ये शिकाऱ्यांनी त्यांना मारलेले पक्षी उचलून आणायला तयार केलं, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. वस्तू तोंडात धरून आणायची ओढ पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या कुत्र्याने तुमच्या चपला उचलू नयेत, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. त्यातून नऊ महिने म्हणजे अंगात मोठ्या कुत्र्याची ताकद आणि डोक्यात पोरपण. लॅब दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत असाच असतो. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, पण चावण्याची ओढ त्यानंतरही बरेच महिने टिकते.

सोफा वाचवायचा तर त्याला चावायला त्याच्या हक्काचं काहीतरी द्या. पोकळ, जाड रबरी खेळणं घ्या, त्यात बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि दुपारी तुम्ही घरी नसताना सासूबाईंना द्यायला सांगा. ते चाटून रिकामं करण्यात त्याचा बराच वेळ जातो आणि त्यानंतर तो झोपतो. जुनी चप्पल देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही. शिजवलेली हाडं अजिबात नकोत. त्यांच्या टोकदार कपच्या होऊन घशात आणि आतड्यात रुततात.

दारावरच्या झेपावण्याबद्दल. सासूबाई घाबरून दोन्ही हातांनी त्याला ढकलत असणार, आणि लॅबला ते ढकलणं म्हणजे खेळ वाटतो. त्याऐवजी पंधरा दिवस असं करा: बेल वाजली की आधी बिट्टूला पट्टा लावायचा, मग दार उघडायचं. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्याच्याशी बोलायचं. उडी मारली तर त्याच्याकडे पाठ करायची, एक शब्दही नाही. सासूबाईंनी उभ्याने हे करू नये. त्यांनी खुर्चीत बसावं, वाटीत त्याच्या रोजच्या खाण्यातले दाणे घ्यावेत, आणि तो समोर बसला की एक दाणा द्यावा. बस, इतकंच. दरवाजाजवळच्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट टाका. ती सासूबाईंच्या कमरेसाठी हवीच, बिट्टूसाठीही हवी: लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो आणि वाढीच्या वयात रोज घसरत राहिलं तर तो दोष बळावतो.

सासूबाईंबद्दल मी मुद्दाम जास्त लिहिते आहे. दिवसाचे आठ-दहा तास बिट्टूसोबत त्याच असतात. म्हणजे तुमच्या घरातला कुत्रा खरं तर त्यांचा आहे, हे कोणी मोठ्याने म्हटलेलं नसलं तरी. ‘मला कुत्रा नको’ म्हणणाऱ्या कितीतरी आजी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यातल्याच अनेक वर्षभराने दवाखान्यात येऊन मला सांगतात की काल त्याने अर्धीच वाटी खाल्ली, आज तो उजव्या पायावर भार देत नाहीये. इतकं बारीक निरीक्षण नोकरीवरून दमून आलेल्या मुला-सुनेचं नसतं. दुपारच्या रिकाम्या घरात कोणीतरी पायाशी येऊन बसतं, कपडे घडी करताना शेजारी पसरतं, शाळेची बस यायची वेळ झाली की आधी उठून दाराशी जातं, या सोबतीची किंमत त्या वयात फार मोठी असते. नौपाड्यातले एक आजोबा पत्नी गेल्यावर घराबाहेर पडेनासे झाले होते. त्यांच्या मुलाने गावठी पिल्लू आणलं. त्याला फिरवायला म्हणून ते तलावपाळीला जाऊ लागले, मग तिथल्या कट्ट्यावरच्या माणसांशी बोलू लागले. औषध त्यांना मी दिलं नव्हतं, पण त्यांच्यात झालेला बदल मी महिन्यागणिक पाहिला आहे.

आता गुरगुरण्याकडे येते. कृपा करून गुरगुरल्याबद्दल बिट्टूला मारू नका, ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे: ‘मला भीती वाटते, लांब हो.’ ती सूचना शिक्षा करून बंद केली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. कधी न गुरगुरता थेट मुलाला चावलेले जे कुत्रे माझ्याकडे आणले गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत घरच्यांनी आधी गुरगुरण्यावर फटके दिलेले होते.

काय करायचं ते सांगते. बिट्टूचं ताट आजपासून वेगळ्या जागी ठेवा, जिथे दार किंवा फळी लावता येईल. तो जेवत असताना, झोपलेला असताना, तोंडात काही धरून बसलेला असताना धाकट्याने जवळ जायचं नाही. पाच वर्षांच्या मुलाला हा नियम समजतो, पण पाळता येतोच असं नाही, म्हणून दार लावायची जबाबदारी मोठ्यांची. दोघांना एका खोलीत मोठं माणूस नसताना ठेवायचं नाही. मोबाइलमध्ये पाहणारं मोठं माणूस यात धरायचं नाही. गळ्यात पडून मिठी मारणं मुलांना प्रेमाचं वाटतं, बऱ्याच कुत्र्यांना ते अडकवल्यासारखं वाटतं. कान मागे, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, तोंड फिरवणं, ओठ चाटणं, अंग ताठ होणं, ही गुरगुरण्याच्याही आधीची लक्षणं आहेत. ती तुमच्या मुलीला शिकवा. अकराव्या वर्षी मुलं हे फार पटकन ओळखू लागतात आणि मग धाकट्याला तीच थांबवते.

ताट हिसकावून ‘बघू तो काय करतो’ हा प्रयोग घरातल्या कोणी करत असेल तर तो बंद करा. त्याऐवजी मोठ्या माणसाने, पाच-सहा पावलांवरून जाता जाता ताटाच्या दिशेने चिकनचा छोटा तुकडा टाकायचा आणि पुढे निघून जायचं. काही दिवसांत त्याला माणूस जवळ येताना पाहून आनंद वाटू लागतो, मग हळूहळू अंतर कमी करा. मुलाने हे करायचं नाही. महिन्याभरात फरक दिसला नाही, किंवा दात लागले, तर वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. एक तपासणीही करून घ्या. कान दुखत असेल, दात हलत असेल, सांधा दुखत असेल तरी कुत्रा चिडचिडा होतो.

आणि कधी दात लागलेच तर, तो घरचा असो, लस दिलेला असो, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. अँटिरेबीज लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. त्वचेत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, आणि खोल जखम असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचणं जवळपास अशक्य, म्हणून यात ‘बघू उद्या’ नाही. बिट्टूची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर झालीच पाहिजे.

शिऱ्याचं काय झालं ते तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला त्याचीच धडकी भरली. पूजेच्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती पुरतील हे आधी सांगता येत नाही. महिना उलटून गेला आणि तो नीट खातो-पितो म्हणजे ते संकट टळलं. पुढच्या वेळी मात्र खाल्ल्या खाल्ल्या फोन करा. पहिल्या दोनेक तासांत दवाखान्यात उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे पोहे, आमटी, रश्श्यातली पोळी हे सगळं बंद. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) हेही विषारी. आणि आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी त्याच्या तापाला कधीही द्यायची नाही.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी हमखास ऑपरेशनपर्यंत नेतात: मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं कणीस. उपवनला किंवा येऊरच्या पायथ्याशी भाजलेली कणसं खाऊन लोक दांडे टाकून देतात, लॅब ते न चावता गिळतो आणि दांडा आतड्यात अडकतो. वारंवार उलटी, पोट ताठ, शी बंद, असं दिसलं तर रात्र काढू नका.

लॅब सतत भुकेलेला का, याचंही उत्तर आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा नसतो, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. तेव्हा त्याचे केविलवाणे डोळे पाहून सासूबाईंनी दिलेली पोळी, मुलीने दिलेलं बिस्किट, कामाला येणाऱ्या मावशींनी दिलेली पावाची कड, हे सगळं दिवसाच्या मापातूनच वजा व्हायला हवं. सकाळी त्याचा दिवसाचा खुराक एका डब्यात मोजून ठेवा. ज्याला लाड करायचे त्याने त्या डब्यातूनच करायचे. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. लेप्टोची लस वर्षाला घ्या, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करा. गोचीड हा ठाणे-नवी मुंबईतला बारमाही त्रास आहे. गोचीडतापात कुत्रा सुस्त होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, प्लेटलेट खाली जातात. औषध फक्त कुत्र्याला लावून भागत नाही, कारण गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते. त्या भेगा बुजवा. गोठ्यात मारायचं औषध किंवा रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावू नका.

सोसायटीच्या नोटिशीवर: कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव करूनही नाही. प्राणिमात्रांबद्दल दयाभाव हे तर राज्यघटनेतलं नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. हे सगळं पत्रात शांत भाषेत लिहून सचिवांना द्या, सोबत महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीज लसीच्या कार्डाची प्रत जोडा. परवाना काढला नसेल तर आधी तो काढा. पण शेजाऱ्यांची भीती खोटी आहे असं धरून चालू नका. ज्याला लहानपणी कुत्रा चावलाय त्याला बंद लिफ्टमध्ये तीस किलोचा लॅब नकोसा वाटणारच. लिफ्टमध्ये कोणी असेल तर तुम्हीच ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या खेपेला येतो’ म्हणा. पट्टा आखूड धरा. शी उचलायची पिशवी हातात दिसेल अशी ठेवा. माझ्या पाहण्यात सोसायट्यांमधली अर्धी भांडणं लिफ्टच्या नावाखाली होतात आणि मुळात असतात ती गेटबाहेर न उचललेल्या शीबद्दल.

फिरण्यासाठी सकाळी लवकर आणि रात्री उशिरा असे दोन चांगले फेरे हवेत. वेगात ओढत नेण्यापेक्षा त्याला हुंगू द्या. वास घेण्याने त्याचं डोकं दमतं आणि घरातला धिंगाणा कमी होतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचा डांबरी रस्ता टाळा. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. येऊरला हौसेने नेणारे बरेच आहेत, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य आहे. जंगलाच्या बाजूला नेऊच नका, पायथ्याला नेलंत तर पट्टा सोडू नका.

दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंधार पडायच्या आत त्याला फिरवून आणा, मग आतल्या खोलीत पंखा लावून ठेवा, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर असू द्या. फटाक्यांना घाबरून पळालेले कुत्रे त्या रात्री सगळ्यांत जास्त हरवतात.

नसबंदीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कोणीतरी सांगेलच की केल्याने तो शांत होईल. उड्या मारणं आणि कुरतडणं त्याने थांबत नाही. नसबंदीला माझा पाठिंबा आहे, फक्त या आकाराच्या नराची हाडं पूर्ण वाढू द्या, साधारण वर्ष-दीड वर्षानंतर करा.

आणि हे सगळं मनापासून करूनही धाकट्याला धोका वाटत राहिला, तर चांगलं, अनुभवी, लहान मुलं नसलेलं घर शोधून देणं यात लाज नाही. मुलाची सुरक्षितता आधी. पण येऊरच्या रस्त्यावर किंवा हायवेला सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि घरात वाढलेला लॅब रस्त्यावर फार दिवस जगत नाही. नातेवाईक काहीही म्हणोत, मुलांना हे तुम्ही करणार नाही असं आजच सांगा. त्यांचं रडणं त्याने थांबेल.

येत्या पंधरा दिवसांत ताटाची जागा, दारावरचा पट्टा आणि फ्रीजवरचा कागद, एवढ्या तीनच गोष्टी करा; बाकीचं नंतर. मग तुमच्या पशुवैद्याकडे त्याला तपासायला न्याल तेव्हा लसीचं कार्ड घ्या आणि सासूबाईंनाही सोबत न्या. बिट्टू दुपारी कधी अस्वस्थ होतो, काय खातो, कोणत्या आवाजाला दचकतो, हे डॉक्टरांना त्याच सांगू शकतील.